चारच्या खाली

आलेखातले ठिपके चारच्या रेघेवर येऊन थांबले होते. एकही खाली उतरला नव्हता. एवढंसं बघून संचिता मेतरनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. मालवणच्या बाजारपेठेतलं भाईचं सायबर कॅफे, सकाळचे साडेदहा, शेजारच्या खुर्चीत नोकरीचा अर्ज टाइप करून घ्यायला आलेले कुणी गुरुजी, आणि समोर पुण्याहून आलेली प्रितमची मेल. प्रितम तिच्याच खगोलसंस्थेतला, तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा. त्यानं लिहिलं होतं की तुझ्या खुणांवर प्रोग्रॅम शिकवून झाला, आता तो नऊशे दीर्घिका स्वतः मोजतो, त्याचा आलेख जोडलाय, इतकी स्वच्छ रेघ मी आजवर पाहिली नाही, सर एकदम खूश आहेत, शुक्रवारी सगळं परदेशातल्या गटाला जातंय. आज बुधवार. तिनं आलेख मोठा केला, आणखी मोठा केला, जणू मोठा केल्यावर एखादा चुकार ठिपका शून्याजवळ लाजत बसलेला सापडेल. तसा कुणी सापडला नाही. भाईनं गल्ल्यावरून मान वर केली आणि विचारलं, "काय गो, प्रिंट काढूचो आसा?" ती नको म्हणाली. मग म्हणाली, "काढ." कागद हातात आला तेव्हा तो अजून गरम होता, आणि त्यावरची रेघ खरंच देखणी होती. तिला तो कागद तिथेच चुरगळून भाईच्या टोपलीत टाकावासा वाटला.

कारण आकाशात दारिद्र्य असतं, आणि ते भरपूर असतं. प्रत्येक मोठ्या दीर्घिकेभोवती गोलाकार तारकागुच्छ असतात, एकेका गुच्छात लाखो म्हातारे तारे, पण इतक्या लांबून फोटोत तो नुसता एक कण दिसतो. मोठ्या दीर्घिकेभोवती असे शेकडो कण, मध्यम असेल तर वीसपंचवीस, आणि लहानखुऱ्या, फिकट, कुणी नाव न घेतलेल्या दीर्घिकांभोवती बहुतेकदा काहीच नाही. हे काहीच नाही म्हणजेच तिच्या मार्गदर्शक सरांचा सगळा प्रश्न होता. दीर्घिका किती लहान झाली म्हणजे तिच्या पदरात एकही गुच्छ उरत नाही, हे त्यांना मोजायचं होतं. आणखी काही वर्षांनी एक नवी दुर्बीण सगळं आकाश टिपून काढणार होती, कोट्यवधी दीर्घिका, त्या माणसानं मोजायच्या म्हटल्या तर सात जन्म पुरणार नाहीत. म्हणून प्रोग्रॅम. आणि प्रोग्रॅम म्हणजे बिनडोक शिष्य, त्याला आधी कुणीतरी शिकवायला हवं. म्हणून नऊशे दीर्घिका निवडायच्या, त्यांचा स्वतःचा उजेड पुसून टाकायचा, आणि भोवतीच्या कणांवर हातानं खुणा करायच्या. हा हिचा, हा हिचा नव्हे, हा मधेच आडवा आलेला आपल्याच अंगणातला तारा, हा मागून डोकावणारा कुणी परका. दोन वर्षं संचितानं या एका कामात डोळे घातले होते. आणि आता त्या खुणांवरून शिकलेल्या प्रोग्रॅमच्या लेखी नऊशेपैकी एकही दीर्घिका निर्धन नव्हती. प्रत्येकीकडे किमान चार.

हे कुणी केलं ते तिला विचार न करता कळलं. घरात शिरताना माळ्यावरच्या सुक्या माशाचा वास येतो तसं कळलं. भाईच्या दुकानाच्या पायऱ्या उतरताना ती मनातल्या मनात एकच शब्द म्हणत होती, आये, आये, आये, आणि त्यात माया नव्हती. एसटी स्टँडवर तिच्या गावची, तोंडवलीची गाडी लागली होती. खिडकीजवळची जागा मिळाली, शेजारी आनंदी काकी रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली, मासळी बाजारातून परत निघालेली, आणि लगेच सुरू झाली, "कावीळ गेली मा गो आता? डोळे बरे दिसतत." संचिता हो म्हणाली. "मासो खातंस?" नाही म्हणाली. काकी चुकचुकली. मासे न खाणारी मुलगी घरात असणं हे तिच्या दृष्टीनं काविळीपेक्षा वाईट होतं. एरवी संचिता हसली असती. आज तिला काकीचा राग आला, पाटीचा आला, वळणावळणाला हॉर्न वाजवणाऱ्या ड्रायव्हरचा आला, आणि त्या सगळ्यांच्या मागे आपला खरा राग घरी पडवीत बसून कोलंबी सोलत असेल हे ठाऊक असल्यामुळे आणखीच आला.

कावीळ झाली ती ऑगस्टात. डॉक्टरांनी दोन महिने सक्त विश्रांती सांगितली आणि सरांनी लॅपटॉप बरोबर दिला. नऊशेपैकी चारशे ऐंशी दीर्घिका तिनं जुलैपर्यंत पुण्यातच उरकल्या होत्या, राहिलेल्या घरी पडवीत बसून करायच्या. पण दहा मिनिटं पडद्याकडे पाहिलं की कण पोहायला लागत. तिची आई, हिरा, बाजूला तांदूळ निवडत बसलेली असायची. आईला पडद्याचं काही कौतुक नव्हतं, तिच्या लेखी लेक कसलीशी काळी खसखस निवडत होती. एके दुपारी मात्र सुपावरची नजर न काढता, म्हणजे काढलीच असणार, ती म्हणाली, "तो तेचो न्हय." संचितानं पाहिलं. खरंच नव्हता. तो मागचा परका होता आणि तिनं त्याच्यावर खूण केली होती. मग तिनं आईला गंमत म्हणून पन्नास मोठ्या, भरलेल्या दीर्घिका दाखवल्या, स्वतःच्या खुणा लपवून. शेकडा चौऱ्याण्णव जुळल्या. पुण्यातली एमएस्सीची पोरं ऐंशीवर अडखळायची. ज्या बाईनं चाळीस वर्षं ओल्या वाळूत कर्ली आणि पेडवे हे मासे एका नजरेत वेगळे केले तिला गोल कण आणि चपटा कण यातला फरक सांगायला लागला नाही. संचिताला इतका आनंद झाला की तिनं माउस आईच्या हातात दिला, दोन बटणं दाखवली आणि सांगितलं, "आये, तू कांठार घालतंस मा वाटे, तसाच कर. जे जेचे तेका दी." आणि ती आत जाऊन झोपली. अकरा दुपारी ती झोपली आणि अकरा दुपारी हिरानं विश्वाचे वाटे घातले.

तोंडवलीत हिराच्या वाट्याला कुणी नाव ठेवत नाही. रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, कांठाला म्हणजे किनाऱ्याला लागलं, मासळीचा ढीग वाळूवर पडला, की ओढणाऱ्यांचे वाटे पडतात, आणि गेली कित्येक वर्षं ते हिराच घालते. तराजू नाही, मोजणी नाही, पाटीतून ओंजळ घ्यायची आणि ओळीनं टाकत जायचं, मोठा मासा इथे पडला तर पुढच्या वाट्याला दोन बारके, असं नजरेनं. शेवटी वाळूवर इकडेतिकडे उडालेली मासळी राहते. ती कुणाचीच नसते. ती उचलायची आणि जो वाटा हडकुळा दिसेल त्यावर वर घालायची. आजाऱ्याचा वाटा असतो, नवरा गेलेल्या बाईचा असतो, यातलं कुणी त्या दिवशी दोरीला हातही लावलेला नसतो. त्यांचा वाटा सुरुवातीला कसाही पडो, शेवटी तो रिकामा राहत नाही. हिरानं पडद्यावर हेच केलं होतं. आडवे आलेले तारे, मागचे परके, बाजूला उडालेले, कुणाचेच नसलेले कण तिनं गोळा केले आणि फिकट, गरीब दीर्घिकांच्या पदरात घातले. चार चार. हिराच्या हाताला चार म्हणजे कमीत कमी. शास्त्रात याला काय म्हणतात ते संचिताला ठाऊक होतं, आणि एसटीच्या खिडकीला डोकं टेकून ती तोच शब्द दात दाबून म्हणत होती, खोटेपणा.

आणि हा वर घातलेला मासा तिच्याइतका कुणी ओळखत नव्हतं. ती नऊ वर्षांची असताना बाबू मेतरचा, तिच्या बापाचा, पाय होडी आणि ओंडक्याच्या मध्ये सापडला होता. दोन वर्षं तो पडवीत पडून. दोन वर्षं किनाऱ्यावर घमेलं घेऊन ती जायची. तेव्हा वाटे गणपत तांडेल घालायचा, आणि सगळ्यांसमोर, मुद्दाम मोठ्यानं नव्हे पण हळूही नव्हे, म्हणायचा, "बाबूच्या चेडवाक घाल रे वर." मग कुणीतरी वाळूतून मूठभर मासळी उचलून तिच्या वाट्यावर टाकायचं. वाळू लागलेली मासळी. घरी येईपर्यंत ती मासळी घमेल्यात सगळ्यात वर असायची, तिच्या नाकासमोर. आई ती धुऊन घ्यायची आणि म्हणायची, बरी गो मासळी. बरी होतीच. त्याचाच तर राग होता. वाईट असती तर टाकून देता आली असती. पुढे सावंतवाडीच्या कॉलेजात प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत तिला पस्तिसातले एकतीस मिळाले आणि तिनं वही पाहिली तर बेरीज सत्तावीस होत होती. ती शिक्षकांकडे गेली आणि म्हणाली सर, चार जास्त दिलेत. ते हसले, म्हणाले, राहू दे गं, तुमच्या घरचं ठाऊक आहे मला. ती म्हणाली, कमी करा. त्यांनी कमी केले नाहीत, आणि वर स्टाफरूममध्ये तिच्या प्रामाणिकपणाची गोष्ट सांगितली, म्हणजे पुन्हा वर घातलंच. पुण्यात संस्थेत पाहुणे आले की सर तिची ओळख करून देत, "ही संचिता, मासेमाऱ्यांच्या वस्तीतून थेट ताऱ्यांपर्यंत." पाहुणे मान डोलवत. ताऱ्यांपर्यंत कुणी गेलेलं नव्हतं, सगळे त्याच कँटीनचा चहा पीत होते. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एक आकडा हवा होता, ज्यावर कुणी काही घातलेलं नाही. या खुणा तो आकडा होता. तिनं मोजलं तेवढंच, आकाशात आहे तेवढंच. आणि त्याच्यावर आईनं वाळू लागलेली मूठ टाकली होती.

घरी पोचली तेव्हा हिरा पडवीतच होती. कोलंबी नव्हे, सुकवायच्या बांगड्याला मीठ चोळत होती. बाप माडाच्या सावलीत जाळं विणत होता, त्यानं मान वर करून पाहिलं आणि लेकीचं तोंड बघून पुन्हा खाली घातली. संचितानं कागद आईच्या समोर धरला. म्हणाली, "ह्यां बघ काय केलंस ता."

हिरानं हात पदराला पुसले. कागदाकडे पाहिलं. "काय केलंय?"

"हे जे बारके बारके होते, तेंका कायच नसता. रिकामे असतत ते. तू तेंका चार चार घातलंस."

"मगे?" हिरा म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं. "बाजूक पडलेले होते. कोणाचेच नव्हते."

"कोणाचे नसले तर ते कोणाचेच नाय. थंयच ठेवूचे."

"रिकामो वाटो कसो ठेवतलंय?" हिरा म्हणाली, लहान मुलीला समजावतात तशा आवाजात, आणि त्या आवाजानं संचिताच्या अंगाचा तिळपापड झाला. ती बोलत सुटली. दोन वर्षं, आये, दोन वर्षं मिया ह्या कामात घातलंय. परदेशातली माणसां ह्येच्यावर पुढचा काम करतली. माझा नाव पयल्यांदा पुढे असतला. तू तुझ्या दयेन माझा सगळा वाटोळा केलंस. माका कोणाची दया नको होती, तुझी पण नको होती. आणि मग तिच्या तोंडून ते निघालं, जे निघायला नको होतं, आणि निघताना तिला ठाऊक होतं. "तुझा नाव मिया ह्या कामात घालूचाच नव्हता."

हिरानं बांगडा उलटा केला आणि दुसऱ्या बाजूला मीठ चोळलं. "मगे काड," ती म्हणाली. पुढचा बांगडा उचलून म्हणाली, "ता मोजूचा काम होता, ह्यां तू माका सांगलंस खंय? तू सांगलंस, कांठार घालतंस तशे घाल. मिया तशे घातलंय." आणि मग, अगदी सरळ, कसलाही टोमणा नसल्यासारखं, "अकरा दिवस मिया बसलंय थंय. ते कोण आसत, खंयचे आसत, एकदा तरी सांगलंस? माका वाटला तुझ्या हापिसातल्या माणसांका वाटूचे आसतत." माडाखाली बापाचा हात जाळ्यात थांबला होता. अकरा दिवसांत संचितानं आईचे डोळे वापरले होते, हात वापरला होता, आणि दुपारची झोप घेतली होती. हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे राग कमी झाला नाही, त्याला नुसती आणखी एक वाट फुटली. ती चपला सरकवून परत बाहेर पडली.

मोबाइलला रेंज फक्त शाळेच्या मागच्या बांधावर मिळत असे. तिथं उभी राहून तिनं सरांना फोन लावला. खाडीवरून वारा येत होता, त्यामुळे तिला ओरडून बोलावं लागलं, आणि ओरडायला कारण मिळालं याचं तिला बरं वाटलं. तिनं सगळं सांगितलं. चार, रिकाम्या दीर्घिका, आई, वाटे. सर म्हणाले, "संचिता, हे आत्ता सांगतेस?" ती म्हणाली, "सर, मला आत्ता कळलं." तिला ठाऊक होतं ते काय आठवताहेत. सप्टेंबरात तिनं आईबद्दल सांगितलं होतं तेव्हा सर टाळी वाजवून हसले होते, म्हणाले होते, काय गोष्ट आहे, कोकणातली मासेविक्रेती बाई तारकागुच्छ ओळखते. त्यांनी ती चार ठिकाणी सांगितली होती. एक पत्रकार दिवाळीनंतर फोटोग्राफर घेऊन तोंडवलीला येणार होता. दुसरी वाचक, हिरा बाबू मेतर, हे नाव कागदपत्रात घालायला त्यांनीच सांगितलं होतं.

"ठीक आहे," सर म्हणाले. आवाज आता कामाचा झाला होता. "तुझ्या आईचा भाग काढून टाक. सगळा. तुझ्या चारशे ऐंशी पुरतात आपल्याला, चूक थोडी वाढेल, वाढू दे. आणि नाव पण काढ. दुसरा वाचक होता असं लिहायलाच नको, उगाच प्रश्न येतात. पत्रकाराचं मी बघतो."

"नाव काढायचं?"

"मग काय लिहिणार? त्यांना विज्ञान कळत नाही, यात त्यांचा दोष नाही. आपणच जरा वाहवत गेलो." हे 'आपणच' ऐकून संचितानं फोन कानापासून लांब धरला. महिन्याभरापूर्वी हीच बाई त्यांच्या भाषणाची सुरुवात होती. आता ती खोडरबरानं पुसायची ओळ झाली होती. आणि तिनं स्वतः घटकाभरापूर्वी पडवीत उभं राहून हेच वाक्य आईच्या तोंडावर टाकलं होतं, म्हणून सरांवर रागवायचा हक्कही तिच्याकडे धड नव्हता. तरी ती रागावली. हक्क नसतानाचा राग जास्त जळतो. "तुझा भाग स्वच्छ आहे ना?" सरांनी विचारलं. "हो सर," ती म्हणाली, ताठ मानेनं, बांधावर, तिला कुणी बघत नसताना. "माझ्या भागात कुणाचा हात लागलेला नाही." सर म्हणाले, "मग आज संध्याकाळपर्यंत पाठव. परदेशातल्या त्या लोकांना मी शब्द दिलाय."

घरी येऊन ती कुणाशी न बोलता लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसली. पडवीत आता कुणी नव्हतं, बांगडे उन्हात घातलेले होते, आई किनाऱ्यावर गेली असणार, दुपारची रापण लागली होती. प्रत्येक खुणेला कुणी केली आणि कधी केली याची नोंद होती, तिनंच तशी सोय करून ठेवली होती, चोख काम करणाऱ्याला असल्या सोयी सुचतात. हिराच्या चारशे वीस दीर्घिका एका बाजूला काढायला दोन मिनिटं लागली. उरल्या तिच्या. तिनं त्यांचा आलेख काढला. सकाळचा आलेख प्रोग्रॅमच्या मोजणीचा होता, त्यानं आईकडून शिकलेले चार सगळ्यांनाच दिले होते; हा नुसत्या तिच्या हातच्या खुणांचा. आता ठिपके खाली उतरणार होते, शून्यावर जाऊन बसणार होते, आणि तिला त्या प्रत्येक शून्याचा अभिमान वाटणार होता. ठिपके उतरले. चारच्या खाली आले, तीनच्या खाली आले, आणि दोनवर थांबले. तिला वाटलं आकडेमोडीत चूक असेल. तिनं पुन्हा काढला. त्रेसष्ट दीर्घिका, प्रत्येकी दोन. एकीला एक नाही, एकीला शून्य नाही. योगायोग एकदोनदा होतो, त्रेसष्ट वेळा होत नाही. तिनं त्यातली एक उघडली. फिकट, विटलेली, कडा नसलेली एक दीर्घिका, आणि तिच्या बाजूला दोन खुणा. एक खूण सरळसरळ आपल्याकडच्या ताऱ्यावर होती, त्याच्या चार टोकांच्या चांदणीसकट. पहिल्या वर्षाचा मुलगासुद्धा हे चुकला नसता. तारीख चौदा जून, वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं, जागा पुणे. कावीळ दोन महिने लांब होती. आई जवळजवळ चारशे किलोमीटर लांब होती.

तिनं दुसरी उघडली, तिसरी उघडली. तिला त्या दुपारी आठवत नव्हत्या. आठवत होती फक्त एक बारीकशी अडचण, बोट बटणावर असताना येणारी, की असं बरं दिसत नाही. एवढंच. ती पुढच्या चित्रावर जाण्याआधी बाजूचं काहीतरी उचलून द्यायची आणि मग हात मोकळा व्हायचा. नऊ वर्षांची असल्यापासून जिनं त्या मुठीचा तिरस्कार केला, जिनं चार मार्कं परत घ्या म्हणून शिक्षकाच्या टेबलाशी हुज्जत घातली, तिनं त्रेसष्ट वेळा वाळूतली मासळी उचलून वर घातली होती आणि तिला पत्ता नव्हता. आईला निदान पत्ता होता. आईनं उघड घातली, चारचार, विचारल्यावर सांगितली. हिनं चोरून घातली, स्वतःपासून चोरून, आणि वर बांधावर उभं राहून सांगितलं की माझ्या भागाला कुणाचा हात नाही. तिला इतका संताप आला की तिनं लॅपटॉपचं झाकण आपटलं. मग परत उघडलं, कारण तो संस्थेचा होता.

पाठवायचं म्हटलं तर आजच पाठवता आलं असतं. दोनची रेघ कुणाच्या डोळ्यांत भरली नसती, प्रितमच्या तर नाहीच. एका रात्रीत त्रेसष्ट खुणा पुसता आल्या असत्या, पण बाकीच्या चारशे सतरांत किती ठिकाणी सातचे नऊ झालेत हे कसं पुसणार. काहीच स्वच्छ नव्हतं. दोन वर्षं गेली, शुक्रवार गेला, पुढे असणारं नाव गेलं. आईवर ढकलून ते अजून वाचत होतं. सरांनी तर वाट साफ करून दिलीच होती, आईचा दोष नाही, तिला कळत नाही, एवढं म्हणायचं आणि सुटायचं.

हिरा परत आली तेव्हा चार वाजायचे होते. डोक्यावर पाटी, पाटीत वाट्याची मासळी, कोपरापर्यंत हात खाऱ्या पाण्यानं पांढरे. तिनं पाटी उतरवली आणि लेकीकडे पाहिलं, सकाळचं काहीच मनात नसल्यासारखं, किंवा सगळंच असल्यासारखं, ते हिराचं कधी कळत नसे. संचिता दारात उभी होती. म्हणाली, "आये, माझ्यातय आसत."

"काय आसत?"

"वर घातलेले. तू बसाच्या आदीचे. पुण्यात मियाच घातलेले."

हिरा पाटीतली मासळी निवडत होती. हात थांबला नाही. "किती घातलंस?"

"दोन दोन."

आता हात थांबला. हिरानं मान वर केली आणि लेकीकडे असं पाहिलं जसं किनाऱ्यावर एखाद्या आखडत्या हाताच्या माणसाकडे पाहतात, ज्याला पुन्हा कुणी वाटे घालायला बोलावत नाही. "दोनच?" ती म्हणाली.

संचिताला हसू आलं असतं तर सुटली असती. हसू आलं नाही. सकाळपासून ती भाईवर, काकीवर, सरांवर, आईवर, जगभर रागावत फिरली होती आणि आता त्या रागाला पाय ठेवायला एकच जागा उरली होती. आतून पिशवी घेऊन तिनं लॅपटॉप भरला. सव्वाचारची एसटी मिळाली तर भाईचं दुकान बंद व्हायच्या आत मालवण गाठता येत होतं. बापानं जाळ्यावरून विचारलं, "खंय गो चल्लंस परत?" ती म्हणाली, "मालवणात. नावा घालून येतंय."

भाईच्या कॅफेत सकाळचीच खुर्ची रिकामी होती. मेल लिहायला तिला फार वेळ लागला नाही, कारण एसटीत ती सगळी लिहून झाली होती. सर, शुक्रवारी काहीही पाठवू नये. नऊशेच्या नऊशे दीर्घिकांच्या खुणा बाद आहेत. त्यातल्या चारशे ऐंशी मी केल्या, चारशे वीस माझी आई हिरा बाबू मेतर हिनं केल्या, आणि दोघींनी एकच चूक केली, पण आईला काम काय आहे ते मी सांगितलं नव्हतं आणि मला ते ठाऊक होतं. मी पुन्हा पहिल्यापासून करते. तोवर कागदपत्रांत जिथे जिथे आमची नावं आहेत तिथून एकही काढू नये.